ओ न देण्याचे फायदे

माणसांचा कंटाळा आला असेल, तर मांजर पाळा. कुत्रा नको. तुम्ही खाली कचरा टाकून वर आलात तरी कुत्रा तुमचं स्वागत विलायतेहून परतल्यासारखं करतो. इतक्या प्रेमाची सवय लागली की माणूस बिघडतो. शिवाय त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवावं लागतं आणि तिथे माणसं भेटतात. ज्यांना टाळायला हा सगळा खटाटोप केला, तीच ‘किती वर्षांचा आहे हो?’ करत समोर उभी. मांजर तुम्हाला असल्या संकटात घालत नाही. ते तुम्हालाही फारसं भेटत नाही.

माझ्या अधिकाराविषयी थोडं सांगते. मी १९ वर्षं संसार केला आणि सात वर्षं मांजर करते आहे. मधलं एक वर्ष दोन्ही एकदम चाललं होतं. अशा दुहेरी अनुभवाच्या बायका पुण्यात पुष्कळ असतील, पण त्या लिहीत नाहीत. मांडीवर मांजर असलं की उठून चष्मा आणता येत नाही.

तर पहिली पायरी. एक वही घ्या आणि ज्या माणसाचा कंटाळा आला आहे, त्याचे दोष लिहून काढा. मी लिहिले होते. हाक मारली तर ओ देत नाही. घरात असून नसल्यासारखा. जेवायच्या वेळेला मात्र बरोबर हजर. केलेल्याचं कौतुक नाही, उलट पानात टाकतो. दुपारभर सोफ्यावर आडवा आणि रात्री-अपरात्री स्वयंपाकघरात खुडबुड. माझ्या माहेरचं कुणी आलं की आतल्या खोलीत गायब. पान भरलं. ते घेऊन मी वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, ‘‘परस्परसंमतीनं करताय ना? मग यादी लागत नाही.’’ एवढी मेहनत वाया गेली म्हणून कागद फाइलला लावून ठेवला. परवा कपाट आवरताना तो हाती आला. वरच्या दोन ओळी फाटल्या होत्या, त्यामुळे मला क्षणभर कळेना, आमच्या ठमीचं इतकं हुबेहूब वर्णन कुणी लिहिलंय?

ठमी म्हणजे माझं मांजर.

ओ न देण्याचंच घ्या. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी २० घरगुती मांजरांना त्यांच्या मालकांचे आणि परक्यांचे आवाज ऐकवले. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मांजरं मालकाचा आवाज ओळखतात, कान वळवतात, मान किंचित हलवतात, पण जागची उठत नाहीत. पुढे २०१९ मध्ये त्यांच्यातल्याच एका संशोधिकेने दाखवलं, की मांजराला स्वतःचं नावही कळतं. हे वाचून माझा ऊर भरून आला. तिला ऐकू येतं, समजतं, आणि तरीही यायचं नाही असं तिनं ठरवलेलं आहे! केवढा हा बाणेदारपणा! नवऱ्याच्या बाबतीत नेमक्या याच निष्कर्षाला मी २००८ मध्ये पोचले होते, तेही कुठल्या विद्यापीठाच्या मदतीविना. फक्त तेव्हा आमच्या घरात त्याला ‘मुद्दाम करणं’ म्हणत.

झोपेचंही तसंच. मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपतं, तो त्याचा धर्मच आहे. नवरा रविवारी जेवून दोन तास पडायचा, तेव्हा मला नेमकी स्टीलची भांडी लावायची आठवण व्हायची. आता कुकरच्या शिट्टीनं ठमी दचकते म्हणून मी वरण-भात पातेल्यात शिजवते. गॅस जास्त जातो. जाऊ दे.

जेवणाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण माणसाचा खरा स्वभाव तिथे कळतो. म्हणजे माझा. मी कांदा-लसूणही बेतानं खाणाऱ्या घरातली. नवरा मासे खाणारा. १९ वर्षांत त्याने दोनदा विचारलं, ‘‘घरी आणू का गं बांगडे?’’ दोन्ही वेळा मी म्हणाले, ‘‘आण, पण माझ्या भांड्यांत नाही,’’ आणि दुसरी भांडी घरात नव्हती. आज मासेवाली मावशी मला लांबून ओळखते. ‘‘ताई, मांदेली ठेवलीय तुमच्यासाठी,’’ म्हणून हाक मारते. मी मासे माझ्याच पातेल्यात उकडते, बिनमिठाचे, बिनतेलाचे. मांजराला कांदा-लसूण विषासारखे, हे कळल्यावर तर मला धन्य वाटलं. माझ्या माहेरची परंपरा शेवटी कुणीतरी पुढे चालवणार होतं.

ते उकडलेलं मी वाडग्यात काढते. ठमी येते, हुंगते आणि पंजानं वाडग्याभोवतीची फरशी ओरबाडू लागते. मांजरं आपली घाण पुरताना जसं करतात ना, अगदी तसं. माझ्या हातच्या जेवणावर इतका स्पष्ट शेरा सासूबाईंनीसुद्धा कधी मारला नव्हता. नवरा एकदा नुसतं ‘‘आमटीत मीठ कमी आहे का गं?’’ म्हणाला होता, तर मी तीन दिवस बोलले नव्हते. ठमीला मी ‘‘सॉरी हं बाळा’’ म्हणते आणि दुसरं पाकीट फोडते. चार चवींची पाकिटं आणून ठेवलेली असतात. गोड मात्र त्यात नसतं. मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही, ते ओळखायला लागणारं एक जनुक निकामी आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं आहे. म्हणजे पुरणपोळीला तोंड वाकडं केलं तर तो तिचा दोष नाही. नवरा करायचा तेव्हा मात्र तो माझ्या आईचा अपमान असायचा.

पहाटे चारला ती माझ्या कानाशी येऊन गुरगुरते. ही गुरगुर साधी नसते. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की खायला हवं असताना मांजर आपल्या गुरगुरण्यात तान्ह्या बाळाच्या रडण्याशी मिळताजुळता एक सूर मिसळतं. तो ऐकून माणसाला पडून राहवत नाही. आपल्याकडून गोड बोलून काम काढून घेणाऱ्या माणसाला काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. मांजराला हुशार म्हणतात. मी उठते.

आता कायद्याची बाजू, कारण पुढेमागे लागते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद १९७६ मध्ये आली. आधी वर्षभर वेगळं राहायचं, मग अर्ज, मग पुन्हा सहा महिने थांबायचं. कदाचित मत बदलेल म्हणून. ही सहा महिन्यांची वाट न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आहे. आम्ही माफी मागितली नाही. दोघांपैकी अर्ज लिहायला कोण बसणार, यावर एकमत होईना. फ्लॅट, एलआयसी, पार्किंगची जागा, पितळी डबे हे सगळं कागदावर आलं. मांजराचं नाव कुठेच नव्हतं. खरं तर ठमीला त्यानेच आणलं होतं. २०१८ च्या पावसाळ्यात स्कूटरच्या कव्हराखाली सापडलेलं ते मुठीएवढं पिल्लू तो शर्टात गुंडाळून वर घेऊन आला. मी म्हणाले होते, ‘‘हे करणार कोण?’’ पण म्हणतातच, कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला. घर मला मिळालं. जनावरांच्या डॉक्टरांकडच्या फायलीवर ठमीपुढे अजून त्याचं आडनाव आहे. माझं मी बदलून घेतलं, तिचं राहिलं.

सोसायटीची भीती बाळगू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून दाराच्या आत चिकटवून ठेवा. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, इतकंच काय, कुत्र्याचं भुंकणंही बंदीला पुरेसं कारण होत नाही. घोरण्याबद्दल अशा सूचना कुठल्याच मंडळाने काढलेल्या नाहीत, म्हणून आमच्याकडे तो प्रश्न मला घरच्या घरी सोडवावा लागला. त्याची गादी हॉलमध्ये टाकून. ठमीही घोरते, बरं का. मी ते रेकॉर्ड करून बहिणीला पाठवते.

मांजराला आपल्याकडे पहिल्यापासूनच संरक्षण आहे म्हणा. हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं आजी सांगायची. नवऱ्याला बोलून बोलून अर्धमेला केला, तर पितळेचासुद्धा करावा लागत नाही.

नातेवाईक विचारतीलच. उत्तर तयार ठेवा. गेल्या महिन्यात नाशिकला भाच्याची मुंज होती, तिथे आत्याने मला कोपऱ्यात घेतलं.

‘‘एकटीच असतेस गं?’’

‘‘ठमी आहे की, आत्या.’’

‘‘ती काय बोलणार आहे तुझ्याशी?’’

‘‘तेच तर.’’

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग पलीकडे पंगतीत वाढणाऱ्यांवर ओरडणाऱ्या आमच्या काकांकडे बघून म्हणाली, ‘‘केस फार गळतात का त्यांचे?’’

सायप्रसमध्ये साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाजवळ मांजर पुरलेलं सापडलं आहे. दोघांमधलं अंतर जेमतेम ४० सेंटिमीटर. ठमी रात्री गादीवर तेवढंच अंतर ठेवते. गादीच्या मधोमध ती आणि काठावर मी. हात लांबवला तर उठून पायथ्याशी जाते. एके काळी मी याच अंतराला ‘आपल्यात काही उरलंच नाही’ म्हणत असे. आता ‘तिला तिची स्पेस लागते’ म्हणते आणि कूस न बदलता झोपते.

एक पथ्य मात्र कडक पाळा. मांजराचे नियम माणसांना लावायला जाऊ नका. समजा, घरातला माणूस संध्याकाळी आला, काही न बोलता खिडकीशी जाऊन बसला, आणि ‘तोंड का असं?’ न विचारता तुम्हीही चहा घेऊन नुसत्या शेजारी बसलात. एकदा केलंत की सवय लागेल, आणि वर्षानुवर्षं काटकसरीनं जमवलेली तक्रारींची पुंजी बसल्या जागी बुडेल. कुणी सांगितलंय? त्यापेक्षा कव्हराखालचं पिल्लू बघा.

मुंजीला गेले तेव्हा तीन दिवस ठमीचं काय करायचं, हा प्रश्न होता. परक्या जागी ती खात नाही. जुनी किल्ली त्याच्याकडेच होती, परत मागायची राहून गेली होती. मेसेज केला. उत्तर आलं नाही, म्हणजे येणार हे मी समजले.

रविवारी दुपारी अडीचला परत आले. दार उघडलं तर टीव्हीवर क्रिकेट चालू, आवाज बंद. तो सोफ्यावर आडवा, तोंड उघडं, टीपॉयवर अर्धं टाकलेलं ताट. पोटावर ठमी, चारही पाय सोडून, त्याच्या घोरण्याबरोबर वर-खाली होत असलेली. कुणीही डोळा उघडला नाही. ठमीचा एक कान तेवढा वळला.

मी बॅग उचलून अलगद ठेवली. मांजर उठलं असतं.

मग चपला हातात घेऊन जवळ गेले आणि फोटो काढला. फोनमध्ये ठमीचा वेगळा फोल्डर आहे, त्यात टाकला. तो खाली आला आहे त्यात, पण काय करणार, ती त्याच्यावरच झोपली होती.