इंजिन बदलून देताय, पण गेलं कशामुळे ते सांगा

गाडी घेऊन वर्षही झालं नाही. मुंबईहून येताना घोटीच्या पुढे ऑइलचा लाल दिवा लागला. कडेला घेईपर्यंत खडखड सुरू आणि इंजिन जाम. टो करून नाशिकला आणली.

ऑइल चेंबर खोलला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मेकॅनिकने तळाचं ऑइल बोटावर घेऊन उजेडात धरलं, तर त्यात बारीक रुपेरी चुरा. "बेअरिंग गेलंय साहेब," एवढं तो बोलला आणि सर्व्हिस ॲडव्हायझर लगबगीने आला, "सर, तुम्ही लाउंजमध्ये बसा ना."

आता कंपनीचं उत्तर आलंय: 'सद्भावना म्हणून' इंजिन बदलून देऊ. वॉरंटीत असलेल्या गाडीवर कसली सद्भावना? वॉरंटीचे पैसे किमतीत घेतलेत की! कारण लेखी मागितलं तर 'अंतर्गत बाब'. आणि डिलिव्हरी घेताना सही करायचा कागद: काम समाधानकारक, पुढे कुठलाही दावा नाही.

मेहुणा म्हणतो, "दाजी, फुकटात नवं इंजिन मिळतंय, घ्या ना गपचूप." घेणारच आहे. पण ऑइल पंप कमी पडला म्हणून बेअरिंग गेलं, की बेअरिंगच सदोष होतं? तोच चुरा ऑइलबरोबर टर्बो आणि ऑइल कूलरपर्यंत गेला असेल, तर ते जुनेच ठेवून वर नवं इंजिन बसवण्यात काय अर्थ आहे?

आणि प्रश्न माझ्या एकट्याच्या गाडीचा नाही. हेच कसारा घाटात, मागे ट्रक असताना झालं असतं तर? इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होऊ शकतं, दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा. सदोष गाड्या परत बोलावण्याची तरतूद 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली, पण ती बऱ्याच अंशी मालकांच्या तक्रारींच्या संख्येवर चालते. प्रत्येकाकडून गुपचूप सही घेतली तर तक्रारी मोजणार कोण?

त्या कागदावर मी सही करणार नाही. जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर, 'इंजिन नॉइज' लिहिलं होतं, ते खोडून 'चालू गाडीत इंजिन जाम' लिहून घेतलं. तुम्हीही जॉबकार्ड वाचल्याशिवाय सही करू नका. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत; आणि दोष तपासायला आयोग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. अख्खी गाडी बदलून मिळेल या भ्रमात मात्र मी नाही. कोर्टं बहुतेकदा सदोष भाग बदलण्यावरच थांबतात.

आरसीवर इंजिन नंबर बदलायचा, विमा कंपनीला कळवायचं, ही धावपळ माझीच. उद्या गाडी विकताना एमएच-15 चा कोणताही एजंट पहिला प्रश्न त्याच नंबरवरून विचारणार.

पेठ रोडच्या आरटीओत हे काम कोणी अलीकडे केलंय का? डीलरकडून कोणते कागद घ्यावे लागले, तेवढं कमेंटमध्ये सांगा.