चार शहरं आणि अकरा पाव

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार म्हणजे अमेरिकेत कोलंबस डे आणि कॅनडात थँक्सगिव्हिंग. दोन्हीकडे सुट्टी. त्यामुळे दसऱ्याच्या सुमारास आमच्या होस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'या की एकदा' सुरू होतं. यंदा मी झोपेत 'येतो' लिहिलं.

शुक्रवारी पहाटे न्यू जर्सीहून निघायचं, थाउजंड आयलंड्सचा पूल ओलांडून किंग्स्टन, मग टोरांटो, ओटावा, माँट्रियल आणि सोमवारी रात्री घरी. नकाशावर बोट फिरवायला वीस सेकंद लागली होती.

सीमेवरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "कुणाकडे?"

"मित्रांकडे."

"शेवटचे कधी भेटलात?"

मी बोटं मोजायला लागलो. बायको शेजारून म्हणाली, "अठरा वर्षं." त्यानं पासपोर्टकडे कमी आणि माझ्याकडे जास्त वेळ बघितलं.

पलीकडे गेल्यावर १०० ची पाटी दिसली आणि मला स्फुरण चढलं. "अहो, ते किलोमीटर आहेत! आपल्या काट्यावर बासष्ट!" त्यानंतरचे चार दिवस आमच्या गाडीत बासष्टचा पाढा चालू होता.

किंग्स्टनला चुनखडीच्या दगडांची देखणी जुनी घरं आहेत. पक्याचं त्यातलं नाही, पण दार उघडताच असा वास आला की दगडही विरघळावा. "ओळख पाहू काय केलंय!" पक्या म्हणाला. ओळखायचं काय? पावभाजी.

इथे थोडा इतिहास सांगणं भाग आहे. १९९६ साली होस्टेलच्या कोपऱ्यावरच्या गाडीवर पैजेखातर मी अकरा पाव खाल्ले. त्यानंतरचे दोन दिवस मी कुठे काढले हे कुणी विचारलं नाही. अकरा तेवढा सगळ्यांच्या लक्षात राहिला. मग मी नोकऱ्या बदलल्या, केस गमावले, कोलेस्टेरॉल कमावलं. मित्रांच्या लेखी मात्र मी अजून त्या गाडीपाशीच उभा आहे.

शनिवारी टोरांटो. किंग्स्टनहून जेमतेम २६० किलोमीटर, पण शहर जवळ आलं तसा ४०१ हायवे बारा पदरी वाहनतळ झाला. बाळ्याच्या दारात पोचेपर्यंत माझी कंबर आणि मी वेगवेगळे झालो होतो. "बाहेर जेवू या का रे?" मी आशेनं विचारलं. "छे! हिनं खास तुझ्यासाठी घाट घातलाय. लादी पावाला पार ब्रॅम्प्टनला जाऊन आलो." आतून तव्यावर स्मॅशरची टकटक ऐकू आली. मी बायकोकडे बघितलं. तिनं खिडकीबाहेर बघितलं.

"भावजी, लाजू नका हं," असं म्हणत वहिनींनी भाजीच्या मधोमध अमूलची अख्खी वडी ठेवली. ती हळूहळू कलत, कडेनं पिवळी होत बुडाली. टायटॅनिक बुडताना असंच दिसलं असावं.

ओटावाच्या अण्णानं आधी गॅटिनो पार्कला नेलं. मेपल पेटले होते. सगळे 'वा वा' करत होते. मला मात्र तो लालकेशरी रंग कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. संध्याकाळी कुठे ते कळलं. पाव न मिळाल्यामुळे अण्णानं बर्गरचे बन आणले होते. तीळ लावलेले.

माँट्रियलमध्ये थांबायच्या पाटीवर 'आरे' लिहिलेलं असतं, शेवटचा त फ्रेंच लोक गिळतात. खुद्द फ्रान्समध्ये पाटीवर 'स्टॉप' असतं म्हणे. माँट्रियलच्या बेटावर लाल दिव्याला उजवीकडे वळायचीही बंदी. मागच्यानं भोंगा वाजवून ती मला समजावली. रस्त्याच्या कामांचे केशरी कोन मोजायचं लेकीनं तीनशेवर सोडून दिलं.

दिन्या जुना बंडखोर. त्याच्यावर माझी भिस्त होती. "पाव-बिव जुनं झालं," तो म्हणाला आणि मला गहिवरून आलं. "आम्ही इथल्या बेगलबरोबर खातो!" माँट्रियलचा बेगल मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात. गोडसर, खुसखुशीत, अप्रतिम. फक्त त्याला मधे भोक असतं, आणि भाजी तिथून थेट माझ्या शर्टावर उतरली.

निघताना चौघांनीही उरलेली भाजी दिली होती. दह्याच्या डब्यांतून.

परतीच्या सीमेवर प्रश्न आला, "खाण्याचं काही?"

"आहे," मी म्हटलं.

"दही?"

"नाही हो," मागून लेक कळवळून म्हणाली. "ठेवून घ्या ना, प्लीज. चारही घ्या."

त्यानं एक झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा नीट घट्ट लावलं आणि डबा माझ्या हातात देत म्हणाला, "घरी गेल्यावर गरम करून खा. छान लागेल."