मालकाचं उत्तर : माणगा बांबूचं सहा जणांचं जेवणाचं टेबल आणि दोन बाक

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. टेबल गणपतीआधी द्यायचं ठरलं होतं, ते विसर्जनानंतर पोचलं. तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

उशीर झाला म्हणालात, ते निमूट ऐकून घेतलं असतं. पण पुढे तुम्ही लिहिलंय, "बांबू म्हणे एका रात्रीत हातभर वाढतो, मग टेबलाला तीन महिने कसे लागतात? सस्टेनेबल वगैरे सगळं किंमत वाढवायचं निमित्त. गोठ्याच्या सामानाला 38,000 मोजण्यापेक्षा सागवान घेतलं असतं तर बरं." हे मात्र लागलं. कुडाळजवळच्या आमच्या एवढ्याशा कारखान्याला जाहिरात परवडत नाही. नवीन माणूस फोन करायच्या आधी अभिप्रायाचे हे तारेच बघतो. तुमचा अभिप्राय आल्यापासून पुण्यातल्या एका कॅफेची जवळपास पक्की झालेली ऑर्डर "विचार करून सांगतो"वर अडकली आहे. म्हणून जरा लांबण लावतोय.

बांबू झपाट्याने वाढतो, खरं आहे. पावसात कोंब वर येतो आणि दोन-चार महिन्यांत काठी पूर्ण उंचीची होते. पण ती काठी तेव्हा पाण्यानेच भरलेली असते. तिला कस धरायला तीन वर्षं लागतात. कोवळी तोडली तर सुकताना आकसते, सुरकुतते, तिचं टेबल होत नाही. आम्ही वापरतो तो माणगा, आपल्या सिंधुदुर्गात बांधाबांधावर असतो तोच, जवळजवळ भरीव. तोही आम्ही दिवाळीनंतरच तोडतो. पावसाळ्यात काठीत पाणी आणि पिष्ट जास्त, बांबू पोखरणाऱ्या भुंगेऱ्याला आयतं जेवण. शिवाय त्या दिवसांत बांबूच्या बेटात शिरलं की नवे कोंब पायाखाली जातात. तोडल्यावर कीड लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात काठ्या बुडवून ठेवायच्या आणि मग सावलीत सुकवायच्या. उन्हात टाकल्या की तडकतात. म्हणजे तुम्ही जूनमध्ये ऑर्डर दिलीत तेव्हा तुमच्या टेबलाचा बांबू तोडून, औषध पिऊन, गोदामात पडलेला होता. बांबू वाढायची वाट बघत कुणी बसलं नव्हतं.

मग अडलं कुठे? तुम्ही अभिप्रायात लिहिलं नाहीत म्हणून मी लिहितो. जूनमध्ये टेबल चार जणांचं ठरलं होतं. जुलैच्या मध्यावर तुमचा मेसेज आला, "दादा, पाहुणे वाढलेत, सहा जणांचं करा ना." आम्ही करतो म्हटलं, मजुरीही वाढवली नाही. वाढीव मापाच्या पट्ट्या तयार होत्या, पण जुलैत आमच्याकडे अंगावरचा शर्ट सुकत नाही, तिथे बांबूची काय कथा. पट्टीत मॉइश्चर मीटरच्या सुया टोचल्या की काटा 18-19 टक्के ओलाव्यावर. आम्हाला लागतो 10 ते 12. पत्र्याखाली पंखे लावून, रोज पट्ट्या उलट्यापालट्या करून तो आकडा खाली आणावा लागला. ओल्या पट्ट्या तशाच दाबून चिकटवल्या असत्या तर टेबल गणपतीला अगदी वेळेवर मिळालं असतं. आणि होळीपर्यंत पुण्याच्या कोरड्या हवेत पट्ट्या आकसून मधल्या फटींत तुमची भाकरी पीठ सांडत राहिली असती. तेव्हा अभिप्राय एका ताऱ्याचा आला असता, आणि तो मी गुपचूप घेतला असता.

त्यात मध्ये आला गणपती. सिंधुदुर्गात त्या दिवसांत सुतार कामावर येत नाही, कितीही पैसे द्या. तुमचं माहेर देवगडचं, तुम्हीच सांगितलं होतंत, तेव्हा हे तुम्हाला मी सांगायला नको. "पाहुण्यांना खाली पंगतीत बसवावं लागलं" असं लिहिलंय तुम्ही. ताई, गणपतीत पंगत खालीच बसते. असो. तुमच्या घरातल्या वयस्कर माणसांना खाली बसता येत नाही, हे मी समजू शकतो.

आता बाकावर पांढरी पावडर दिसते, या तुमच्या तक्रारीचं. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. बाकाच्या खालच्या बाजूला, गाठीजवळ पांढरट थर आहे. भुंगेरा लागला तर पिठूळ, पिवळसर भुसा पडतो आणि वर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसतात. फोटोत भोक दिसत नाही. माझ्या मते ते बोरॅक्सचं मीठ आहे, दमट हवेत कधीकधी पृष्ठभागावर येतं. ओलसर फडक्याने पुसून कोरडं करा. तरी पुन्हा आलं, किंवा एक जरी भोक सापडलं, तर बाक आमच्या खर्चाने परत नेऊ. "कीड लागलेला माल दिला" हे वाक्य मात्र फोटोवरून लिहायला नको होतं.

किमतीचं थोडक्यात सांगतो. काठी स्वस्त असते, टेबल नसतं. बांबूच्या सालीत सिलिका असते, ती रंध्याची पाती खाऊन टाकते. एकेक पट्टी तासायची, गाठ सपाट करायची, हे सगळं माणसाच्या हाताचं काम. पट्ट्या चिकटवायला गोंद लागतो, तो नैसर्गिक नाही, आणि आम्ही 100 टक्के नैसर्गिक असं कुठेही लिहिलेलं नाही. गोठ्याच्या सामानाबद्दल म्हणाल तर बेंगळुरूच्या विमानतळाच्या टर्मिनल 2 मध्ये एकदा बांबूच्या छताकडे बघा. सागवान चांगलंच लाकूड आहे, आमच्या घरातही आहे. फक्त साग तोडला की तसाच दुसरा उभा राहायला कित्येक वर्षं जातात, आणि माणग्याच्या बेटातून दरवर्षी पिकलेल्या काठ्या काढल्या तरी बेट जिवंत राहतं. आम्ही सस्टेनेबल म्हणतो ते एवढ्याचसाठी.

पावसाळ्यातल्या ऑर्डरींना तारीख सांगताना यापुढे जास्त काळजी घेऊ, सुकवणीच्या खोलीचंही बघतोय. अभिप्राय काढा असं म्हणणार नाही. पण टेबल मध्येच मोठं करून घेतलं होतं, एवढी ओळ त्यात घालता आली तर बरं होईल. आणि बाकाचा फोटो उजेडात, जवळून, पुन्हा पाठवा. फोन दुपारी केलात तर मीच उचलेन, सकाळी मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही.