राउल डी सोझा अमेरिकेत घडले नाहीत

ब्राझीलचे ट्रॉम्बोनवादक (ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य) राउल डी सोझा यांच्याविषयी जॅझच्या चाहत्यांमध्ये एक समज सर्रास पसरलेला आहे : अमेरिकेत गेल्यावर त्यांना जॅझ गवसला, निर्माते जॉर्ज ड्यूक यांनी त्यांना घडवले आणि सत्तरच्या दशकानंतर त्यांच्या हातून नोंद घेण्याजोगे काही झाले नाही. यांतले एकही विधान टिकत नाही.

पहिले विधान खोडायला १९६५ साली ब्राझीलमध्येच निघालेली त्यांची ‘आ व्होंताजी मेज्मो’ ही तबकडी पुरेशी आहे. तिच्यावर नाव आहे ‘राउलझिन्यो’, म्हणजे छोटा राउल. राउल यांचे मूळ नाव जुआंव जोझे; त्यांना ‘राउल’ हे नाव संगीतकार आरी बारोसो यांनी ज्येष्ठ ट्रॉम्बोनवादक राउल डी बारोस यांच्यावरून दिले होते. साथीला सांबालान्सो त्रिओ हा तिघा वादकांचा चमू आहे. ड्रम्सवर ऐर्तो मोरेरा सांबा या ब्राझिली नृत्यसंगीताचा ठेका पक्का धरून ठेवतात आणि त्यावर राउल आधुनिक जॅझच्या लांबलचक स्वरवाक्यांनी अशी बढत करतात, की दोन संगीतांमधला सांधा शोधूनही सापडू नये. त्यांचा ट्रॉम्बोन पुढेमागे सरकणाऱ्या नळीचा नव्हता, तर ट्रम्पेटसारखी कळ दाबून स्वर बदलणारा होता; सांबाच्या बारीक, तुटक लयीतले स्वर त्यावर स्वच्छ निघतात. ही निवड अमेरिकेत सुचलेली नव्हे.

ड्यूक यांनी १९७७ची ‘स्वीट लुसी’ ही तबकडी घडवली आणि राउल यांना मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला, हे श्रेय त्यांचेच. मात्र त्याआधी दोन वर्षे ‘कलर्स’ आली होती. तिचे निर्माते होते तेच जुने साथीदार ऐर्तो, आणि संगीतरचनेची वाद्यमांडणी केली होती जे. जे. जॉन्सन यांनी, ज्या ट्रॉम्बोनवादकाने हे वाद्य बीबॉप या वेगवान जॅझशैलीच्या वेगात आणून बसवले. असा माणूस ज्याच्यासाठी लेखणी उचलतो, तो वादक आधीच घडलेला असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे राउल यांनी स्वतःच्या कल्पनेतून ‘सोझाबोन’ हा चार कळांचा विजेवर चालणारा ट्रॉम्बोनही तयार करवून घेतला.

उरला शेवटचा मुद्दा. २००८ साली त्यांनी जुआंव दोनातो यांच्यासोबत ‘बोसा एतेर्ना’ ही तबकडी केली. दोनातो जगाला पियानोवादक म्हणून माहीत असले, तरी तरुणपणी तेही ट्रॉम्बोन वाजवत. त्यानंतरही राउल वाजवत राहिले. २०२१च्या जूनमध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते.