‘जाणूनबुजून’ या शब्दावरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

बंधू, जय ख्रिस्त.

जाणूनबुजून केलेल्या पापालाही क्षमा आहे, असं मी लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि मला झोप लागली नाही. मतभेद असतात, त्यांचं मला काही वाटत नाही. पण “ताई, आधी बायबल नीट उघडा, मग लोकांना शिकवा” असं एका विश्वासणाऱ्याने दुसऱ्याला लिहावं? माझे वडील तीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत पाळक होते. सायकलवरून उपासनेला जायचे. आमच्या घरी बायबल उघडल्याशिवाय चूल पेटत नसे.

एक चूक कबूल करते. अजाणता पापासाठी वर्षाच्या शेळीचं अर्पण सांगितलंय, त्याचा दाखला मी बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा अध्याय 14 असा दिला होता. तो अध्याय 15 आहे. दुरुस्ती केली.

आता तुमचं ते वाक्य : “क्षमा अजाणता पापाला आहे, जाणूनबुजून केलेल्याला नाही, इब्री 10:26.” सत्य कळल्यावर जाणूनबुजून पाप केलं तर त्यासाठी यज्ञ उरत नाही, असं ते वचन म्हणतं. पण बायबलमधल्याच लेवीय 6 ची पहिली सात वचनं काढा. शेजाऱ्याने ठेवायला दिलेली वस्तू नाकारली, त्याला लुबाडलं, सापडलेलं लपवून वर खोटी शपथ वाहिली. खोटी शपथ कुणी अजाणता वाहतं का? तरी तिथे काय सांगितलंय? घेतलेलं सगळं परत कर, वर पाचवा हिस्सा घाल, दोषार्पणाचा मेंढा आण, आणि त्याला क्षमा होईल. गणना 15 मध्ये जो लोकांतून तोडला जातो, त्याच्या पापाला मूळ भाषेत ‘उंचावलेल्या हाताने’ केलेलं म्हटलंय. तो देवाला आव्हान देणारा माणूस आहे. रडत परत आलेला नव्हे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. महिला संघाच्या औषधफंडाचा हिशेब माझ्याकडे होता, तेव्हा मुलाच्या फीसाठी मी त्यातले 8,000 रुपये उचलले. पूर्ण शुद्धीत, वहीत खोटी नोंद करून. दोन वर्षं प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या रविवारी काही ना काही कारण काढून घरी राहिले. शेवटी बैठकीत उभी राहिले, सगळं सांगितलं आणि 9,600 ठेवले. वरचे 1,600 म्हणजे तो पाचवा हिस्सा. क्षमा स्वस्त करते म्हणता? ते पैसे टेबलावर ठेवताना माझे हात कसे कापत होते, ते तुम्ही पाहिलं नाहीत.

आणि इब्री 10:26 मधलं ग्रीक क्रियापद चालू क्रिया दाखवतं : सत्य कळल्यावरही पाप करतच राहणं. येशूचा शिष्य पेत्र, त्याला येशूने त्याच रात्री सावध केलं होतं, तरी ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणत त्याने येशूला तीनदा नाकारलं. त्याला तुम्ही कुठल्या रकान्यात घालणार? त्यालाच प्रभूने आपली मेंढरं, म्हणजे आपले लोक, सोपवली.

बाप्तिस्मा, कॅथलिकांचं पापनिवेदन आणि माझं शुद्धलेखन यांवर तुम्ही जे लिहिलंय, त्याला उत्तर द्यायला मी बांधील नाही. स्वतःचं नाव न घालता दुसऱ्याचा विश्वास मोजणाऱ्याने एवढी अपेक्षाही धरू नये.

बैठकीनंतरच्या प्रभुभोजनाला ज्या म्हाताऱ्या विधवेच्या औषधाचे पैसे मी वापरले होते, ती माझ्याच बाकावर बसली होती. तुमच्या हिशेबाने तो प्याला मी तसाच पुढे सरकवायला हवा होता. मी प्यायले, आणि तिच्या हातात दिला.