मागच्या बाकावर कुणीतरी बसायला हवं

परवा आमच्या कॉलेजच्या भूगोल विभागात तासिका तत्त्वावर नव्यानं आलेल्या एका मॅडमचा तास मी मागच्या बाकावर बसून ऐकला. मुलगी हुशार आहे. एम.ए.ला पहिला वर्ग, सेट ही प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा पास, पीएच.डी. सुरू. एफ.वाय.चा, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाचा वर्ग होता आणि विषय होता पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगराच्या आडोशाला असल्यानं पाऊस कमी पडणारा भाग. तिनं फळ्यावर व्याख्या लिहिली, मुलांनी ती उतरवून घेतली. डोंगर, वाऱ्याचे बाण, वाऱ्याकडची वाताभिमुख बाजू, आडोशाची वातविन्मुख बाजू, आकृतीत एकही चूक नव्हती. उदाहरण म्हणून तिनं 'सह्याद्रीच्या पूर्वेकडील भाग' असं पुस्तकातलंच सांगितलं आणि पुढचा मुद्दा घेतला.

दुसऱ्या बाकावर दहिवडीकडची एक मुलगी बसली होती. तिच्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो, हे तिनं मला प्रवेशाच्या वेळीच सांगितलं होतं. खिडकीशी महाबळेश्वरच्या बाजूच्या मेढ्याकडची दोन पोरं होती. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ६ हजार मिलिमीटर पाऊस पडतो, दहिवडीला ५०० च्या आसपास, आणि दोन्ही ठिकाणं आपल्या एकाच सातारा जिल्ह्यात आहेत. "जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात तुमच्या शेतात काय चाललेलं असतं?" एवढं एकच त्या तिघांना विचारलं असतं, तर मेढ्याची पोरं भाताच्या लावणीचं बोलली असती आणि दहिवडीची मुलगी बाजरीला पावसाची वाट बघत असल्याचं. व्याख्या मग वर्गानंच केली असती.

यात त्या नव्या मॅडमचा दोष नाही, हे आधीच स्पष्ट लिहिते. तिला हे कुणी, कधी सांगितलंच नव्हतं. सहा-सात वर्षं आपण तिला भूगोल शिकवला. भूगोल शिकवायचा कसा, हे कुणी शिकवलं नाही. आणि जुलै उजाडला की वेळापत्रक हातात दिलं, "जा, वर्गावर जा."

आपल्याकडं पहिलीच्या वर्गावर उभं राहायला डी.एड. लागतं, हायस्कूलला बी.एड. लागतं. बी.एड.च्या पोरांना विचारा : टाचण (पाठाचं लेखी नियोजन) काढायचं, सराव पाठ घ्यायचे, मागं निरीक्षक बसणार, शेजारी मैत्रीण वही घेऊन बसणार. तेव्हा कंटाळा येतो, पण हात बसतो. सीनियर कॉलेजला मात्र यातलं काहीच लागत नाही. नेट या प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा पहिला पेपर असतो ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. त्यातल्या दहा घटकांपैकी एक अध्यापन अभियोग्यतेचा. चांगल्या शिक्षकाचे गुण कोणते, याचा बरोबर पर्याय निवडला की झालं. खडू हातात घ्यायची वेळ येते ती थेट नोकरीच्या पहिल्या दिवशी. मुलाखतीत पाच-दहा मिनिटांचा पाठ घेतात, पण समोर मुलं नसतात, समिती असते. समितीला प्रश्न विचारून ती गप्प बसली तर काय करायचं, याचा सराव तिथं होत नाही.

साताऱ्यात बसून मी हे लिहिते आहे म्हणून एक गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटलांनी) १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढलं १९३५ ला. छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं १९४७ ला. क्रम बघा. खेड्यापाड्यांत शाळा काढायच्या तर आधी शिक्षक घडवावा लागेल, हे त्या माणसानं ओळखलं होतं आणि कॉलेजच्या बारा वर्षं आधी ते काम हाती घेतलं होतं. त्याच मातीतल्या आपण लोकांनी कॉलेजचा शिक्षक आपोआप तयार होतो असं कसं काय धरून चाललो?

माझा स्वतःचा पहिला तास मला अजून लख्ख आठवतो. गाव आणि कॉलेज सांगत नाही. रात्रभर जागून नोट्स काढल्या होत्या. त्या बावीस मिनिटांत संपल्या. उरलेली सव्वीस मिनिटं मी तेच पुन्हा सांगत राहिले. पोरं खाली मान घालून बसली होती आणि मला घरी जाऊन रडावंसं वाटत होतं. स्टाफरूममध्ये कुणालाच विचारलं नाही. विचारलं तर येत नाही म्हणतील, ही भीती. वर्षभर ती भीती घेऊन मी शिकवलं, आणि त्या वर्षीच्या मुलांचं नुकसान झालं ते झालंच.

दुसऱ्या वर्षी मराठीचे एक ज्येष्ठ सर आपणहून म्हणाले, "मी येऊन बसू का हो तुमच्या तासाला?" बसले. नंतर कँटीनला चहा घेताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "तुम्ही प्रश्न चांगले विचारता, पण उत्तरही लगेच स्वतःच देता. प्रश्न विचारून मनात पाचपर्यंत मोजा." एवढंच. दुसऱ्या दिवशी मी मोजलं. तीनपर्यंत आले असेन, कोपऱ्यातला एक मुलगा बोलायला लागला, जो वर्षभर बोलला नव्हता. पुढं वाचनात आलं की मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात नेमकं हेच मोजलं होतं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प असणारीही बोलतात. सरांनी तो अभ्यास वाचला होता की नाही, मला माहीत नाही. ते मागच्या बाकावर बसले होते, म्हणून त्यांना दिसलं.

नियम नाहीत असंही नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत स्वच्छ लिहिलं आहे की कोणत्याही विषयाच्या संशोधक विद्यार्थ्यानं आपल्या विषयाच्या अध्यापनाचं प्रशिक्षण घ्यायचं, आणि त्याला आठवड्याला चार ते सहा तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा, मूल्यमापन अशी कामंही देता येतात. पण माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच ठिकाणी त्याचं काय झालं? एक लेखी पेपर. अध्यापनाच्या पद्धतींवर टिपा लिहा. पोहण्याची लेखी परीक्षा घेतल्यासारखं आहे हे. सांगलीत शिकवणारी माझी एक मैत्रीण म्हणते, त्यांच्याकडं संशोधक विद्यार्थी प्रॅक्टिकल घेतात, पण कुणी रजेवर असलं की, बदली म्हणून. आधी कुणी समजावत नाही, नंतर कुणी विचारत नाही. याला काम उरकणं म्हणतात.

नोकरी लागल्यावर रिफ्रेशर, इंडक्शन वगैरे प्रशिक्षण असतं, ते चांगलंही असतं. पण ते मुख्यतः कायम झालेल्यांच्या वाट्याला येतं. आमच्याकडं वर्गावर पहिल्यांदा जातो तो तासिकेवरचा मुलगा. त्याला तासाचे पैसे मिळतात. तयारीचे नाहीत, पेपर तपासून मुलांना समजावून सांगण्याचे नाहीत, दुसऱ्याचा तास बघायला बसण्याचे तर नाहीतच. एसटीनं दोन गावांना जाऊन दोन कॉलेजं करणाऱ्याला "टाचण काढत जा" म्हणायला मलाच जड जातं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की हे सगळं नोकरीच्या आधी, विद्यार्थी असतानाच व्हायला हवं.

आणि त्याला जागा आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला ऑन जॉब ट्रेनिंगचे, म्हणजे कामाच्या जागी जाऊन शिकण्याचे ४ क्रेडिट आहेत, म्हणजे १२० तास. ज्याला शिक्षक व्हायचं आहे त्याला ते १२० तास कॉलेजच्या वर्गात का घालवू देऊ नयेत? दहा तास ज्येष्ठांचे तास बघायचे, चार-सहा पाठ स्वतः घ्यायचे, बाकीचा वेळ टाचण, प्रश्नपत्रिका काढणं, पेपर तपासणं, मुलांच्या शंका. विद्यापीठानं एवढं मान्य केलं तरी पुष्कळ होईल.

आमच्या विभागात मी पाच वर्षं हे छोट्या प्रमाणावर करते आहे. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी एफ.वाय.वर दोन पाठ घेतो. सोबतचा एक जण मागं बसतो, आणि त्यानं शिकवणाऱ्याबद्दल काही लिहायचं नाही, मुलं काय करत होती ते लिहायचं. कधी लिहिणं थांबलं, कधी मान वर आली, कोण बोललं, कोण बोललंच नाही. शेवटच्या तीन मिनिटांत मुलं चिठ्ठीवर एक ओळ लिहितात : आज काय कळलं नाही. त्या चिठ्ठ्या वाचताना आमच्या विद्यार्थ्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. दुसरं एक काम मला फार मोलाचं वाटतं. एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती तिघांना वेगवेगळ्या तपासायला देते. दहापैकी एक जण चार देतो, एक सहा, एक आठ. मग तास-दीड तास भांडतात. गुण कशाला द्यायचे, अक्षराला की समजुतीला, हे त्या भांडणात जेवढं कळतं तेवढं माझ्या व्याख्यानानं कधीच कळलं नसतं.

लोक म्हणतात, एफ.वाय.च्या पोरांवर प्रयोग कशाला? प्रयोग आजही होतोच आहे, फक्त बघायला कुणी नसतं. लोक असंही म्हणतात की जागाच निघत नाहीत तर शिक्षक घडवून काय करायचं. हा प्रश्न मला टोचतो. भरती व्हायलाच हवी, त्यासाठी आंदोलन असेल तिथं मी जाते. पण भरती होईपर्यंत वर्ग रिकामे नसतात. त्यात दहिवडीची मुलगी बसलेली असते.

परवाच्या त्या तासानंतर मी नव्या मॅडमशी बोलले. महाबळेश्वर आणि दहिवडीचे आकडे तिला तोंडपाठ होते, फक्त ते वर्गात आणायचे असतात हे सुचलं नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, मी तुमच्या तासाला येऊन बसू का?" मी हो म्हणाले, पण लगेच नाही. त्या सरांनंतर माझ्या तासाला कुणी बसलेलं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

ती काल येऊन बसली. मागच्या बाकावर, वही घेऊन. तास संपल्यावर तिनं एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं : तुम्ही आज सात प्रश्न विचारले, सातही मुलांना विचारले, मुलींना एकही नाही.

कागद जपून ठेवला आहे. सोमवारी ती पुन्हा येणार आहे.