‘मागे मोठी कंपनी आहे ना, मग घ्या डोळे झाकून’

वेब इंटरफेससाठी फ्रेमवर्क, म्हणजे ज्यावर अ‍ॅप उभारायचं तो तयार कोडचा सांगाडा, निवडायचं म्हटलं की एक सल्ला हमखास पुढे केला जातो: मागे मोठी कंपनी असेल आणि गिटहबवर (जिथे असा कोड खुला ठेवलेला असतो) लोकांनी पसंतीचे स्टार भरपूर दिले असतील, तर दहा वर्षं निर्धास्त. छोट्याच्या नादी लागलात तर ते बंद पडेल, त्यासोबत तुमचं अ‍ॅप बंद पडेल आणि सगळं पुन्हा लिहावं लागेल. यातला एकेक दावा बघू.

‘मोठी कंपनी म्हणजे टिकणारच.’ गूगलचं अँग्युलरजेएस 2010चं. 2016 मध्ये अँग्युलर 2 आलं ते मुळापासून वेगळं; जुना कोड त्यात तसाच्या तसा चालेना. 2021 संपताना जुन्याचा अधिकृत सपोर्टही संपला. मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइट या प्लगइनचा (ब्राउझरला वेगळा जोडायचा प्रोग्राम) सपोर्ट त्याच वर्षी संपला. याहूने आपल्या वायूआय (YUI) या लायब्ररीचं नवं काम 2014 मध्येच थांबवलं होतं. यातली एकही कंपनी तेव्हा बुडालेली नव्हती, फक्त तिचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. उलट एका माणसाने सुरू केलेलं व्ह्यू हे फ्रेमवर्क 2014पासून चालू आहे. फेसबुकने बनवलेल्या रिअ‍ॅक्टच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करतो: फेसबुक स्वतः त्यावर चालतं. मालकाचं स्वतःचं दुकान त्यावर आहे का, हा प्रश्न मालकाच्या आकारापेक्षा कामाचा.

‘स्टार बघा.’ एकदा दिलेला स्टार काढून घ्यायला सहसा कोणी परत येत नाही. त्यापेक्षा फ्रेमवर्कचं मागचं मोठं अपग्रेड लोकांना कसं गेलं ते वाचा.

‘फ्रेमवर्क बंद म्हणजे अ‍ॅप बंद.’ ही गल्लत फ्लॅशमुळे झाली असावी. तो प्लगइन होता. 12 जानेवारी 2021 पासून अडोबीने त्यातला मजकूर चालणंच रोखलं. अँग्युलरजेएस किंवा बॅकबोनसारखं जुनं फ्रेमवर्क म्हणजे नुसतं जावास्क्रिप्ट, ब्राउझर ते आजही मुकाट चालवतो. थांबतात ते सुरक्षेचे पॅचेस, आणि हे हलक्यात घेण्यासारखं नाहीच. पण आजूबाजूची साधनं आधी मान टाकतात, तेही मूळ फ्रेमवर्क ठणठणीत असताना. रिअ‍ॅक्टच्या चाचण्यांसाठी एन्झाइम हे साधन सर्रास वापरलं जायचं. रिअ‍ॅक्ट 17साठी त्याचा अधिकृत अ‍ॅडॅप्टर (दोघांना जोडणारा दुवा) आलाच नाही, आणि ज्यांच्या साऱ्या चाचण्या त्यावर होत्या ते अडकले.

‘सगळं पुन्हा लिहावं लागेल.’ हे तुम्ही काय कुठे लिहिलंय त्यावर ठरतं. व्ह्यू 2 मध्ये टेम्प्लेटमध्ये (स्क्रीनचा आराखडा लिहितात तिथे) रकमेपुढे उभी रेघ आणि फिल्टरचं नाव दिलं की रक्कम हवी तशी छापून यायची. व्ह्यू 3ने फिल्टर काढून टाकले. पूर्णांकनाचा नियम वेगळ्या फाइलीत साधं फंक्शन म्हणून असेल, तर उभ्या रेघेच्या जागी कंस आले, काम संपलं. नियम फिल्टरमध्येच कोंबला असेल तर आधी तो उकरून काढा. अँग्युलरजेएसमध्ये याहून वाईट. तिथे एखाद्या किमतीवर लक्ष ठेवणारा वॉच असतो; एक वॉच दुसऱ्याची किंमत बदलतो, दुसरा पहिल्याची. दहा फेऱ्यांत ते स्थिरावलं नाही तर डायजेस्ट, म्हणजे हे वॉच पुन्हा पुन्हा तपासणारं चक्र, एरर देऊन थांबतं. ज्या फॉर्मचं गणित या फेऱ्यांच्या भरवशावर जमलेलं असतं, त्याचा नेमका नियम कोडमध्ये एका जागी सापडतच नाही. असा फॉर्म दुसरीकडे नेताना घाम फुटतो.

‘मग फ्रेमवर्कच नको’ असं म्हणणारेही आहेत. त्यांच्याकडे वर्षभरात घरचं एक फ्रेमवर्क तयार होतं, ज्याचं डॉक्युमेंटेशन एका सहकाऱ्याच्या डोक्यात असतं.

निवड करताना तुमचा सगळ्यात किचकट फॉर्म घ्या आणि त्याचे नियम फ्रेमवर्क इम्पोर्ट न करता, नुसत्या नोडवर (ब्राउझरशिवाय जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) चाचणीत चालतात का बघा. चालत असतील तर छोट्या फ्रेमवर्कला नाही म्हणायचं कारण मला दिसत नाही. नसतील तर गूगल काय नि फेसबुक काय, पुढचं मोठं अपग्रेड अंगावर येणार.